पेन टेकलं नव्हतं

त्या दिवशी माझे डोळे मिटलेले नव्हते.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, मंगलला नाही, डॉक्टरांना नाही, आणि ज्याच्याबरोबर वीस वर्षं एका भट्टीवर काम केलं त्या सलीमभाईलाही नाही. समोरून बघणाऱ्याला डोळे मिटलेलेच दिसले असतील. पण पापण्यांच्या खाली मी एक बारीक फट ठेवली होती. त्या फटीतून मला एका पोरीचा हात दिसत होता आणि त्या हातातलं निळं पेन.

मला कुष्ठरोग झाला होता. आता बरा आहे. बारा महिने गोळ्या घेतल्या, एकही दिवस चुकवला नाही. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळली आहेत, ती तशीच राहतील असं डॉक्टर म्हणतात. नर्सिंग कॉलेजच्या मॅडमनी मागं मला सांगितलं, "तुमचा अनुभव लिहून द्या, नव्या पेशंटना वाचायला देऊ." मी दोन पानं लिहून दिली. घाबरू नका, लपवू नका, गोळ्या वेळेवर घ्या. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त त्यात ही फट नव्हती. म्हणून पुन्हा लिहायला बसलो आहे.

आचाऱ्याचा हात

मी आचारी आहे. आमचं गाव आष्ट्याच्या पुढं. लग्न, बारसं, वास्तुशांत, कसलीही जेवणावळ असो, मसालेभात, आमटी आणि गोडाचं माझ्याकडं, भट्टी आणि मटण-बिर्याणी सलीमभाईकडं. ऊस सगळ्यांच्या रानात असतो, पण पाचशे माणसांचा मसालेभात एका उकळीत मोकळा उतरवणारा आमच्या भागात मी एकटाच, असं लोक म्हणायचे. मलाही ते आवडायचं.

डाव्या कोपराच्या खाली, बाहेरच्या अंगाला, माझ्या हातावर एक फिकट चट्टा होता. लहान पुरीएवढा. दुखायचा नाही, खाजायचा नाही. त्याच सुमाराला लोकांनी आणखी एक गोष्ट बोलायला सुरुवात केली होती. गरम पातेलं मी डाव्या हाताच्या कडेनं ढकलायचो, फडकं न घेता. सलीमभाई चार लोकांत सांगायचा, "बबनचा हात न्हाई, सांडशी हाय ती. जाळात घातली तरी गार." वाढपी पोरं हसायची. मीही मुद्दाम एकदा-दोनदा करून दाखवायचो.

ज्या गोष्टीनं मी दवाखान्यात जायला हवं होतं, ती गोष्ट मी लोकांना खेळासारखी दाखवत होतो.

शिबिर

चार वर्षांपूर्वी सांगलीकडच्या एका नर्सिंग कॉलेजचं सेवा शिबिर आमच्या गावात आलं. चाळीसेक मुली, पाच-सहा मुलं. मुक्काम शाळेत, सात दिवस. सकाळी गटारी काढायच्या, शोषखड्डे खणायचे, मग दोघा-दोघांनी घरोघर जाऊन म्हाताऱ्यांचं बीपी बघायचं, अंगावर चट्टे आहेत का ते बघायचं. संध्याकाळी देवळासमोर पथनाट्य. त्यांच्या जेवणाचं काम माझ्याकडं होतं.

त्यांतली स्वाती मेढ्याच्या वरच्या एका वाडीतली. बारीक अंगाची, आवाज मात्र खणखणीत. पहिल्याच दिवशी कांदे चिरायला येऊन बसली.

"काका, आमच्याकडं आमटीत एवढं तिखट घालत नाहीत."

"मग जा की मेढ्याला जेवायला."

"जाते. तुमी एस्टीपर्यंत सोडायला येनार का?"

सलीमभाई भट्टीपाशी बसून हसला. "बबन, ही पोरगी तुज्यावर गेली रं. उत्तर तयारच आसतंय."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखं भाताचं पातेलं डाव्या हाताच्या कडेनं बाजूला सारलं. तिचा विळीवरचा हात थांबला.

"काका, चटका नाही बसला?"

"आचाऱ्याचा हात हाय बाई."

ती हसली नाही. माझ्या हाताकडं बघत राहिली. चट्ट्यापर्यंत तिची नजर गेली आणि मी सदऱ्याची बाही खाली ओढली.

त्याच संध्याकाळी त्यांचं पथनाट्य झालं. एका मुलानं दंडावर खडूनं चट्टा काढला होता. मुली घेर धरून म्हणत होत्या, दुखत नाही, खाजत नाही, म्हणूनच दाखवा. लोक टाळ्या वाजवत होते. मी मागं उभा होतो. तोवर मला खरोखर माहीत नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगू शकतो. त्या संध्याकाळी मात्र कळलं. खेळ संपायच्या आत मी तिथून निघून आलो.

कट्ट्यावर

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीची पाळी होती. स्वाती आणि तिच्या वर्गातला एक मुलगा आला. त्यानं घरात नेऊन माझी पाठ, पोट बघितलं. मग स्वाती दारातल्या कट्ट्यावर माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "काका, हात द्या."

आधी डोळे उघडे ठेवून तिनं दाखवलं. पेनाचं टोक अगदी हळू टेकवायचं, आणि जिथं टेकलं तिथं मी उजव्या हाताचं बोट ठेवायचं. "आता डोळे मिटा. घट्ट."

मंगल दारात उभी होती. शेजारची दोन-तीन माणसं कट्ट्यालगत उभी होती. आठ दिवसांनी शिराळ्याची माणसं आमच्या लेकीला, प्राजक्ताला, बघायला येणार होती. पुढच्या महिन्यात सहा लग्नं हाताशी होती. महारोग झालेल्या आचाऱ्याच्या हातचं कोण खाईल, आणि त्याची लेक कोण करून घेईल? हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, आणि मी डोळे मिटल्यासारखे केले.

पहिल्यांदा चट्ट्याच्या बाहेर टेकवलं. कळलं, बोट ठेवलं. दुसऱ्यांदा चट्ट्यावर. कळलं काहीच नाही, पण दिसलं. बोट ठेवलं. तिसऱ्यांदाही तसंच. चौथ्या वेळी पेन खाली येताना दिसलं आणि मी घाईनं बोट ठेवलं.

पेन टेकलं नव्हतं. हातापासून बोटभर वर थांबलं होतं.

मी डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडं बघत होती. मग मान खाली घालून तिनं वहीत काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मैत्रिणीला घेऊन माझ्याकडं आली. मी शाळेच्या पडवीत डाळ निवडत होतो.

"काका, कालचं परत एकदा करूया का? माझंच चुकलं असंल."

"भात लागंल माझा. जा."

"दोन मिनिटं फक्त. काका, काल तुमी डोळे..."

तिथंच ती थांबली. वाक्य पुरं करायची तिला लाज वाटली, माझ्या वयाच्या माणसाला तोंडावर कसं म्हणायचं म्हणून. पण मला ते पुरं ऐकू आलं होतं.

अर्ज

संध्याकाळी मी एक अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, दहावीपर्यंत शिकलो आहे. आपली विद्यार्थिनी माझ्याबद्दल महारोगाचा संशय गावभर पसरवत आहे, त्यामुळं माझ्या धंद्याची आणि घराची बदनामी होत आहे, असं लिहून खाली सही केली. गावातली दोन वजनदार माणसं बरोबर घेतली आणि शिबिराबरोबर आलेल्या कॉलेजच्या मॅडमना नेऊन दिला.

तिनं गावभर काय, एका माणसालाही काही सांगितलं नव्हतं. मला हे तेव्हाही माहीत होतं.

मॅडम घाबरल्या. गाव बिथरलं तर शिबिर उठवायला लागेल, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी स्वातीला घेऊन आमच्या दारात आणलं. गल्ली जमलीच होती. ज्या कट्ट्यावर ती माझ्यासमोर बसली होती, त्याच्यासमोर उभी राहून तिनं हात जोडले.

"काका, माझं चुकलं. माफ करा मला."

खणखणीत आवाजाची पोरगी, पण मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही. कुणीतरी ओरडलं, "आवं, मोठ्यानं म्हणू दे की तिला." तिनं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.

मी म्हणालो, "आसू दे. लेकरू हाय."

लोक म्हणाले, बबनरावांचं मन मोठं.

उरलेले दिवस तिला घरोघर पाठवलं नाही. शाळेत बसून ती तक्ते रंगवायची. कांदे चिरायलाही आली नाही. शेवटच्या दिवशी मी जिलेबी केली होती. तिच्या ताटात एक जास्तीची वाढली. पंगत उठल्यावर ताटं गोळा करताना दिसलं, तेवढी एकच जिलेबी तिनं ताटात ठेवली होती.

नायटा

शिराळ्याची सोयरीक जमली. प्राजक्ताचं लग्न झालं. माझ्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, करंगळी सरळ होईना. मी म्हणायचो, झारा धरून धरून आखडली. चट्टे तीन झाले, मग पाच. मी बारा महिने पूर्ण बाहीचे सदरे घालायला लागलो.

एकदा मंगल न्हाऊन आली आणि पाठ करून माझ्यासमोर बसली. "आवं, बघा की जरा. पाठीवर काय पांढरं दिसतंय म्हनं. शेजारची सांगत हुती."

मी बघितलं. मला तो चट्टा ओळखू आला.

"नायटा हाय," मी म्हणालो. "मलम आणतो."

आणलं. सात-आठ महिने ती ते मलम लावत होती.

आजार कळला तो दिवस

शिराळ्याच्या बाजूला एका लग्नात बुंदी चालली होती. मी कढईशी वाकून सलीमभाईला काहीतरी सांगत होतो. मांस करपल्याचा वास आला. मला वाटलं, सलीमभाईच्या भट्टीवर काही लागलं.

"बबन, हात!" तो ओरडला. "हात काढ की रं! आरं हात तुजा!"

माझा डावा तळहात कढईच्या काठावर टेकलेला होता. करंगळीकडची कातडी पांढरी पडून सुटली होती. सलीमभाईनं मला मागं ओढलं. तो रडत होता, आणि मी त्याला म्हणत होतो, "न्हाई दुखत, गड्या. खरंच न्हाई दुखत." तेव्हा तो रडायचा थांबला. माझ्याकडं बघायला लागला. सांडशीचा विनोद त्यानं पुन्हा कधी केला नाही.

सांगलीच्या दवाखान्यात आधी भाजलेल्या हातावर इलाज झाला आणि मग एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी बाही वर केली. म्हणाले, "डोळे मिटा."

या वेळी खरंच मिटले. अंधारात वाट बघत राहिलो. बराच वेळ गेला.

"टेकवा की साहेब," मी म्हणालो.

"चार वेळा टेकवून झालं," ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "या आधी कधी तपासणी झाली होती का? गावात पाहणी वगैरे?"

मी म्हणालो, "न्हाई."

वॉर्डात

ज्यांना हा आजार आताच कळला असेल त्यांच्यासाठी काही लिहितो, कारण मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. महिन्याच्या पाकिटातली पहिली मात्रा सिस्टरसमोर घ्यायची असते. त्या दिवशी लघवी लाल होते, ते रक्त नव्हे. अंगाचा रंग काळपट होतो, नंतर उतरतो. आणि औषध सुरू झालं की तुमच्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही. डॉक्टरांनी हे मला तीनदा सांगितलं. मला ते पटायला सहा महिने लागले.

सकाळी आठला पट्टी बदलायला शिकाऊ मुली यायच्या. प्रत्येकीच्या तोंडाकडं मी आधी बघायचो, स्वाती तर नाही ना. मग आठवायचं, ती केव्हाच पास होऊन गेली असेल. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचो.

घरच्यांची तपासणी झाली. मंगलच्या पाठीवरचा चट्टा याच आजाराचा निघाला. डॉक्टर म्हणाले, एकच आहे, सहा महिन्यांत जाईल, हातापायाला काही झालेलं नाही. मंगलनं त्यांचं ऐकून घेतलं. मग कॉटच्या कडेला बसून मला म्हणाली, "म्या दाखिवलं हुतं न्हवं तुमास्नी? तुमी नायटा म्हनला हुता."

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो.

ती आता बरी आहे. पाठीवर डागसुद्धा राहिला नाही.

सलीमभाई एक दिवसाआड डबा घेऊन यायचा. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "माजं येगळं काढ." त्यानं बिर्याणी एकाच ताटात ओतली आणि खायला सुरुवात केली. "वीस वर्सं तुज्या हातची चव बघतोय," म्हणाला. "मला व्हायचं आसतं तर कवाच झालं आसतं. खा आता मुकाट, गार झाली तर मीच शिव्या खाणार." मी पहिला घास हातातच धरून बसलो. त्याला वाटलं, आजाराच्या दुःखानं. मी तसंच वाटू दिलं.

मेढा

गोळ्या संपल्यावर मी कॉलेजात गेलो, मॅडमना भेटायला. अर्जाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. त्यांच्याकडून कळलं की स्वाती मेढ्याच्या बाजूला एका उपकेंद्रात नर्स आहे.

मी साताऱ्याला गेलो, तिथून मेढ्याची एस्टी धरली. वाटभर वाक्य पाठ करत होतो. तुझं बरोबर होतं, मी डोळे उघडे ठेवले होते. एवढंच म्हणायचं होतं.

उपकेंद्राच्या दारात ती एका बाईला बाळाच्या लसीबद्दल समजावत होती. मला ओळखायला तिला एक क्षण लागला. मग तिची नजर माझ्या तोंडावरून थेट हातावर गेली.

"काका! हे कधी झालं? बसा, बसा आधी."

तिनं माझा हात आपल्या हातात घेतला. वळलेली बोटं हलकेच सरळ करून बघितली. "तेल लावता ना रोज? आधी पाण्यात भिजवायचा, मग तेल. भट्टीवर जाताना जाड हातमोजा घालायचा. विसरायचं नाही." आवाज पूर्वीसारखाच होता, पण बोलणं सावकाश झालं होतं.

मग ती म्हणाली, "एक विचारू? तेव्हा मी पेन टेकवलं नव्हतं, असं मला वाटत होतं. शेवटच्या वेळी. मी मुद्दाम वर थांबवलं होतं आणि तरी तुम्ही बोट ठेवलं. लय दिवस डोक्यात होतं ते. पण टेकलंच असणार ना, काका? माझाच हात हलला असेल."

समोर ती बाई बाळाला घेऊन बसली होती. कुणी गर्दी केलेली नव्हती. कुणाची सोयरीक मोडणार नव्हती.

"टेकलं आसंल," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "मलाही तसंच वाटलं. तेव्हापासून मी कुणाला दुसऱ्यांदा विचारत नाही. पेशंट पहिल्यांदा जे सांगतो ते लिहून घेते. उगीच कुणाचं मन दुखवायला नको."

चहा घेतला. इकडं कशाला आला होता, असं तिनं विचारलं. एका लग्नाची ऑर्डर बघायला, असं सांगितलं. परतीच्या एस्टीत बसल्यावर ते पाठ केलेलं वाक्य मनात पुन्हा म्हणून बघितलं.

देणं

आता दर वर्षी कुष्ठरोगाच्या पाहणीच्या आधी मॅडम मला नव्या मुलींशी बोलायला बोलावतात. मी त्यांना सांगतो, पेशंटचे डोळे मिटवू नका, मधे फाईल धरा, काही लोक फटीतून बघतात. मुली हसतात, वहीत लिहून घेतात. त्या काही लोकांमध्ये मी आहे, असं मी अजून सांगितलेलं नाही. मागच्या खेपेला एकीनं विचारलं, "तुम्हाला कसं माहीत, काका?" मी म्हणालो, "ऐकलंय."

मला सगळ्यात जास्त झोंबतं ते माझ्या बोटांचं नाही. जावळीच्या डोंगरात कुठंतरी एखादा माणूस त्या पोरीसमोर बसत असेल, काहीतरी लपवत असेल, आणि तिच्या मनात शंका आली तरी ती दुसऱ्यांदा विचारत नसेल. तिला तसं मी शिकवलं. ती गावात सात दिवस आली होती ती लोकांना शिकवायला, आणि जाताना माझ्याकडून हे घेऊन गेली.

हे लिहून झालं की आधी मंगलला वाचून दाखवणार आहे. नायट्याचंही.

स्वातीचं देणं कागदावर फिटणारं नाही. तिच्याकडून मी माफी घेतली ती आमच्या कट्ट्यासमोर, गल्ली जमवून, दोनदा, दुसऱ्यांदा मोठ्यानं. ती मला परत करायची आहे. त्याच जागी, त्याच लोकांसमोर, तिला बोलावून, हात जोडून, मागच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात. मॅडमकडचा तो अर्ज खोटा होता, असंही लिहून द्यायचं आहे, खाली सही करून. आणि तिला सांगायचं आहे की पेन टेकलं नव्हतं, तिचा हात हलला नव्हता, तिनं दुसऱ्यांदा विचारलं ते बरोबर केलं होतं.

यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.